जमिनीवर न पडलेलं पेट्रोल

गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेले, रस्त्यावर धुकं. मी शटर अर्धं वर करून देवापुढं उदबत्ती लावत होतो. शंभर सीसीचं इंजिन ठणठणीत असलं की लांबून शिलाई मशिनसारखं वाजतं. हे तसं वाजत नव्हतं. बंद दारावर आतून कुणी मूठ आपटावी तसे ठोके येत होते. रेस दिली की दाट व्हायचे, सोडली की विरळ. मी तसाच रस्त्यावर धावलो आणि दोन्ही हात हलवून खूण केली, बंद करा, आधी बंद करा.

दूधवाले मामा होते. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, कळ्याच्या पुढं माझं गॅरेज आहे. मामांची वाडी तिथून वर चार किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. २०११ साली त्यांनी ही गाडी नवी घेतली तेव्हापासून तिला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. दोन बाजूंना दोन किटल्या, मध्ये मामा, असं ते सकाळ-संध्याकाळ वाडीतलं दूध डेअरीला घालतात. त्या दिवशीही दूध घालूनच आले होते. रिकाम्या किटल्या गाडीला तशाच लटकत होत्या.

"पहाटं किकच अडकली, मिस्त्री," ते म्हणाले. "पाय दिऊन वर उभारलो तरी खाली जाईना. म्हटलं थंडीनं धरली असंल. मग सेकंडात टाकली आनि उतारावर सोडली. टक्कन वाजलं. मागचं चाक घसाटत गेलं. दुसऱ्या बारीला चालू झाली, पर तवापासनं हे असं ठोकतंय."

किक अडकली आणि उतारावर ढकलून चालू केली. हे ऐकल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. मी तेलाची पट्टी काढली. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्या दोन्हींच्या मध्ये असावं लागतं. इथं तेल वरची खूण ओलांडून पार आट्यांपर्यंत चढलेलं होतं. पट्टी नाकाशी नेली. तेलाचा वास नव्हताच, नुसतं पेट्रोल.

मी आधी आत जाऊन उदबत्ती विझवली. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्यालाही स्टोव्ह थोडा वेळ बंद ठेवायला सांगितला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवर सरपटत लांब जाते, आणि ठिणगी लांब कुठं असली तरी तिला गाठते. मग ड्रेनचा नट सोडला. एरवी या इंजिनात एक लिटरच्या आत तेल मावतं. भांड्यात दीड लिटरच्या वर आलं. इंजिनचं तेल थंडीत काकवीसारखं पडतं, धार तुटत नाही. हे कोऱ्या चहासारखं भळभळ पडलं. मी त्यात बोट बुडवून दोन बोटांत चोळलं. बुळबुळीतपणा नावालासुद्धा नव्हता.

मामा दगडावर बसून बघत होते. त्यांना काय सांगायचं ते मला कळत होतं, पण तोंडातून शब्द निघेना. या सगळ्याची सुरुवात दीड महिन्यापूर्वी माझ्याच गॅरेजात झाली होती.

दिवाळीच्या सुमाराला मामा आले होते ते पेट्रोल गळतंय म्हणून. कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून थेंब थेंब पडत होतं. "गोठ्यात वास मारतोय, आनि गाडी पासष्ट द्यायची ती पन्नासवर आली." दुखणं सरळ होतं. घरावरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉल असतो, तसाच कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. पेट्रोल वाटीत भरत आलं की फ्लोट वर उचलला जातो, त्याच्यावरची बारीक सुई भोकात बसते आणि पेट्रोल थांबतं. सुईच्या टोकाला रबर असतं. बारा वर्षं एकाच जागी बसून, इंजिनाच्या थरथरीनं घासून त्या रबरावर गोल खाच पडते. मग सुई बसते, पण भोक पुरतं बंद होत नाही. वाटीत पातळी चढत जाते. ती फार चढली तर जादाचं पेट्रोल जमिनीवर पडून जावं म्हणून वाटीत एक उभी पितळी नळी असते, तीच खाली रबरी नळीतून बाहेर काढलेली असते. मामांच्या गाडीत गळत होती ती हीच नळी. ती तिचं काम चोख करत होती.

मी कार्बोरेटर खोलला, सुई बघितली. खाच होती. नवी सुई माझ्याकडं नव्हती. कोल्हापूरहून मागवायची तर उद्यावर गेलं असतं, आणि मामांना संध्याकाळचं दूध घालायचं होतं. मी वाटीतला गाळ काढला, जेट फुंकले, सुईचं टोक कापडानं पुसून, थोडं फिरवून तीच परत बसवली. थेंब थांबला. "रात्री कॉक बंद करत जावा," एवढं सांगितलं. सुई बदलायला पुढच्या आठवड्यात या, असंही बोललो असेन. आज आठवत नाही, म्हणजे मी ते जोर देऊन सांगितलं नसणार.

पुढच्या आठवड्यात मामांच्या पायाला खुरपं लागलं. दहा-बारा दिवस गाडी सोप्यात उभी राहिली, दूध शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेलं. बरे होऊन ते पुन्हा या रस्त्यानं जायला लागले तेव्हा एकदा थांबून हसत सांगून गेले, "गळती बंद झाली बगा मिस्त्री, एक थेंब न्हाई." मीही खूश झालो. आणखी काही दिवसांनी भेटले तेव्हा म्हणाले, "पूर्वी महिन्याला वाटीभर तेल वाढवाय लागायचं. आता तेबी लागंना. तेल कमीच हुईना." मी मान डोलावली. जुनं इंजिन तेल खात नाही हे ऐकायला कुठल्या मिस्त्रीला बरं वाटत नाही?

त्यावर एकच प्रश्न विचारायचा होता, "आणि ऍव्हरेज किती देते आता?" मी विचारला नाही. नंतर विचारला तेव्हा ते म्हणाले, "पन्नासच की."

तर त्या डिसेंबरच्या सकाळी तेल काढून झाल्यावर मी खाली वाकून ओव्हरफ्लोची रबरी नळी कार्बोरेटरपासून उपसली आणि तोंडात धरून फुंकली. हवा जाईना. ब्लेडनं उभी चिरली. खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा सुकलेल्या मातीचा बूच होता, आणि मातीच्या आत चार-पाच वाळलेल्या हिरव्या अळ्या. कुंभारीण! भिंतीच्या भेगेत, दाराच्या कुलपात, पंपाच्या नोझलमध्ये मातीची घरटी करते ती. आत अंडं घालते, अळ्या आणून भरते आणि तोंड लिंपून टाकते. सोप्यात बारा दिवस गाडी उभी होती, टाकीतलं पेट्रोल तळाशी गेलेलं, नळी कोरडी. तिला तयार घर मिळालं.

म्हणजे गळती कधी बंद झालीच नव्हती. बाहेर जायची वाट बुजल्यावर पेट्रोल वाटीत चढत गेलं, कार्बोरेटरच्या मुख्य नळीत आलं आणि तिथून आत इंजिनाकडं वाहू लागलं. मामांचं घर उतारावर आहे. पहाटे चालू करायला सोपं जावं म्हणून ते गाडीचं नाक रोज उताराकडं करून लावतात. कार्बोरेटर मागं, सिलिंडर पुढं. नाक खाली म्हणजे पेट्रोलला पुढं जायला उतारच करून दिलेला. इनटेक व्हॉल्व्ह थोडा जरी उघडा राहिला असला तर ते सिलिंडरमध्ये उतरतं, रिंगांच्या फटीतून झिरपत तेलात मिसळतं, आणि सकाळी जमीन कोरडी ठणठणीत दिसते.

पण मामा कॉक तर बंद करत होते. मी सांगितल्यापासून एक रात्र चुकवली नव्हती, हे त्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं, आणि त्यांच्यावर शंका घ्यायचं मला कारणही नव्हतं. म्हणून त्याच संध्याकाळी मी टाकी उतरवून स्टुलावर ठेवली, कॉक बंद केला, आणि त्याच्या तोंडाला नळी लावून ती सलाईनच्या रिकाम्या बाटलीत सोडली. या बाटल्यांवर मिलिलिटरच्या खुणा असतात, म्हणून आम्ही गॅरेजवाले त्या जपून ठेवतो. सकाळी बाटलीत दीडशेच्या खुणेजवळ पेट्रोल जमा झालेलं. कॉकमधला चार भोकांचा रबरी वॉशर लाकडासारखा कडक झाला होता. दांडी बंदवर फिरायची, पण पेट्रोल चालूच राहायचं.

मी पाटीवर हिशेब मांडला. मामांची गाडी दिवसाला तीसेक किलोमीटर फिरते. पासष्टच्या ऍव्हरेजनं साडेचारशे-पावणेपाचशे मिलिलिटर लागायला हवं. पन्नासनं सहाशे लागतं. फरक एकशे चाळीसचा. आणि बाटलीत रात्रीत दीडशे! दीड महिना हा आकडा मामांच्या तोंडून माझ्यापुढं पडून होता. मी तो थंडीवर आणि किटल्यांच्या वजनावर ढकलून मोकळा झालो होतो.

रोज दीडशे मिलिलिटर आत गेलं तर इंजिन आधीच फुटायला हवं होतं, तसं झालं नाही, कारण इंजिन तापलं की पेट्रोलातला हलका भाग वाफ होऊन ब्रीदरच्या नळीनं बाहेर पडतो. पण मामांच्या फेऱ्या तुकड्या-तुकड्यांच्या, चार किलोमीटर गेलं की थांबायचं. तेल धड तापायचंच नाही, जड भाग आत साठत राहिला. ४० नंबरचं तेल १०० अंशांच्या उष्णतेतही पेट्रोलपेक्षा कितीतरी पटीनं जाड असतं, म्हणून तर क्रँक त्याच्या पातळ थरावर तरंगल्यासारखा फिरतो, लोखंड लोखंडाला भिडत नाही. पेट्रोल मिसळलं की तो थर फाटतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

त्या पहाटे काय झालं ते मामांना सांगायचं होतं. मी त्यांच्याच किटलीकडं बोट दाखवलं. "किटली काठोकाठ भरली आनि वर झाकण दाबलं तर काय हुतंय?"

"बसत न्हाई. दूध बाहेर येतंय."

"आनि दुधाला बाहेर याय जागाच नसली तर?"

ते गप्प राहिले. पिस्टन वर पोचतो तेव्हा हेडखाली जी पोकळी उरते ती या इंजिनात जेमतेम बारा मिलिलिटरची असते, खोकल्याच्या औषधाचे अडीच चमचे. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. त्या रात्री अडीच चमच्यांपेक्षा जास्त पेट्रोल सिलिंडरमध्ये थांबून राहिलं. किक अडकली ती इंजिननं दिलेली शेवटची सूचना होती. माणसाच्या पायाच्या जोरानं काही मोडत नाही. पण भरल्या किटल्या, मामा आणि गाडी मिळून दोन-अडीचशे किलोचं वजन उतारावरून सेकंडात सुटलं, तेव्हा मधल्या कनेक्टिंग रॉडला वाकण्यावाचून दुसरी वाट राहिली नाही.

हे सांगून झाल्यावर मी सुई काढली, भिंग दिलं आणि टोकावरची खाच त्यांना दाखवली. "ही दिवाळीतच बदलाय पाहिजे हुती. मी बदलली न्हाई. कॉकबी तपासला न्हाई. चूक माझी हाय, मामा."

ते बराच वेळ सुईकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" आणि थोड्या वेळानं, "सामानाचं पैसं मी देतो. मजुरीचं तुमचं तुमी बगा." मला हा न्याय अजूनही बरोबर वाटतो. त्यांनी मला माफ केलं असतं तर मला जड गेलं असतं.

इंजिन खोललं त्याच दिवशी. हेड उतरवलं तर रॉकरच्या तोंडावर खरवडल्याच्या खुणा. तेल सगळ्यात शेवटी पोचतं ते इथंच, म्हणून तेल बिघडल्याची झळही इथं लवकर लागते. ब्लॉक वर ओढला. सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा, नख अडकेल एवढ्या खोल. पेट्रोलनं भिंतीवरचं तेल धुऊन नेलं होतं आणि रिंगा कोरड्या घासत होत्या. पिस्टनच्या एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली चकचकीत डाग होते. पिस्टन तिरका चालल्याची ही खूण. पिस्टन काढून रॉडच्या वरच्या भोकात सरळ पिन घातली आणि क्रँककेसच्या तोंडाला समांतर आहे का बघितलं. नव्हती. डोळ्यांनी दिसेल इतकी एका अंगाला झुकलेली. रॉड खालून धरून वर-खाली हलवला तर बिग एंडला टकटक. मग मॅग्नेट पुलरनं काढला, क्लच उतरवला, क्रँककेस फोडली आणि क्रँक फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी एसटीनं कोल्हापूरला निघालो.

तिथल्या उद्यमनगरात पहिल्यांदा आलो तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. वस्तादांनी एक ब्लॉक हातात देऊन बोअरला पाठवलं होतं. अर्धा दिवस मी तिथल्या बोळांतून नुसता फिरत राहिलो. एका पत्र्याखाली भट्टीतून ओतीव लोखंड निघतंय, दुसरीकडं पंपांच्या बॉड्या, तिसरीकडं लेथवर फिरणारे दांडे, सगळीकडं कटिंग ऑइलचा वास. शेतीपंपांची ऑइल इंजिनं, गुऱ्हाळाचे चरक यांच्यावर कोल्हापूरची ही कारागिरी पोसली गेली. मोटरसायकलींच्या क्रँकची कामं करणारी माणसं त्याच मुळावरची. मी ज्यांच्याकडं जातो ते काका आता सत्तरीला आले असतील. पत्र्याची छोटी शेड, एक हायड्रॉलिक प्रेस, दोन सेंटरमध्ये क्रँक धरायचा स्टँड, डायल गेज आणि पितळी हातोडा. बाकी काही नाही.

त्यांनी फडकं सोडलं, क्रँकला नाक लावलं आणि विचारलं, "पेट्रोल प्यालंय?" प्रेसवर पिन बाहेर काढल्यावर ती माझ्या तळहातावर ठेवली. जिथं बेअरिंग फिरतं तिथं पोलादाचे पोपडे निघाले होते, कडेला निळसर झाक. तेल नसल्यावर किती तापलं असेल याची ती निळाई.

तिथं मला एक मोह झाला, तो सांगायला हवा. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करता येतो. करणारे आहेत. नुसती पिन आणि बेअरिंग घालून, रॉड तोच ठेवला तर मामांचा खर्च बराच वाचणार होता, आणि दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतं तसं त्यांचं घर चालतं हे मला माहीत होतं. मी काकांना विचारलं. त्यांनी रॉड उचलून उजेडाकडं धरला. "सरळ करून दीन," ते म्हणाले, "पर ह्यो एकदा वाकायला शिकलाय." मी पूर्ण किट घेतलं. हा रॉड मिनिटाला हजारो वेळा ताण आणि दाब सोसतो. वाकवून सरळ केलेल्या पोलादात बारीक तडा कुठं दडलाय ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो, उतारावर, भरल्या किटल्यांसकट. एकदा सुई वाचवून बघितली होती.

नवा रॉड घालून काकांनी क्रँकची दोन चाकं प्रेसवर जोडली आणि सेंटरला लावली. पुढचा पाऊण तास मी नुसता उभा राहून बघत होतो. क्रँक हातानं हळू फिरवायचा, डायलचा काटा कुठं सरकतो ते बघायचं, चाकावर खडूनं खूण करायची, पितळी हातोड्याचा एक ठोका, परत फिरवायचं. पहिल्या वेळी काटा ०.२० मिलिमीटर फिरला. मग बारा, मग सात. ०.०५ च्या आत आलं की बहुतेक जण सोडून देतात. काका ०.०२ वर आल्यावर थांबले, चष्मा काढला आणि पाणी प्यायले. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. ठोका कुठं आणि केवढा मारायचा हे त्यांना कुणी लिहून दिलेलं नाही. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. त्या शेडमधून निघताना दर वेळी मला वाटतं की आपण काहीतरी शेवटचं बघतोय. या विचारानं मला खरोखर वाईट वाटतं.

ब्लॉक तिथंच बोअर केला. पाव मिलिमीटरचं ओव्हरसाइज पिस्टन बसेल अशी आशा होती, पण रेघा जाईनात, अर्ध्यावर जावं लागलं. होनिंग करून घेतलं. सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत करायची नसते. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा ठेवायच्या असतात, त्या रेघांत तेल टिकतं.

इंजिन बांधायला दोन दिवस लागले. एरवी एका दिवसाचं काम. पण या वेळी तेलाची प्रत्येक वाट मी रॉकेलनं धुऊन हवेनं फुंकली, जाळी, पंप, हेडकडं जाणारं भोक, सगळं. जुन्या तेलातला चिकट गाळ पेट्रोलनं सोडवून नेमका या भोकांच्या तोंडाशी आणून ठेवला होता. सगळी सीलं आणि ओ-रिंगा नव्या घातल्या. रिंगांची तोंडं तीन दिशांना केली. मॅग्नेटवरची खूण आणि कॅमची खूण तीन-तीनदा जुळवून बघितली. व्हॉल्व्हला ०.०५ ची गेज पट्टी लावली. क्लचच्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवल्या. कॉक नवा, सुई नवी. वाटीच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून पातळी कार्बोरेटरच्या शेजारी धरून बघितली. टाकी भरून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी पातळी जिथल्या तिथं. दिवाळीत मी हे सगळं अर्ध्या तासात करू शकलो असतो.

आता बहुतेक नव्या गाड्यांमध्ये ही वाटी आणि सुईच राहिलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. माझ्या हाताखालच्या पोरानं त्याच्या आयुष्यात जेमतेम वीस-पंचवीस कार्बोरेटर खोलले असतील. पण आमच्या भागातल्या वाड्यांवर जुन्या गाड्या अजून दहा-पंधरा वर्षं पळतील, आणि त्यांच्यातलं रबर जुनंच आहे. पेट्रोल मात्र बदललंय. त्यातलं इथेनॉलचं प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर मिळू लागलं. ते इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसापासूनही होतं, मामांचाही ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं त्याला नावं ठेवायचं माझ्या मनात येत नाही. मामांची सुई झिजली ती बारा वर्षांच्या वापरानं. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला ते मानवतंच असं नाही. म्हणून दहा वर्षांवरची कुठलीही गाडी आली की कॉकचा वॉशर, सुईचं टोक आणि पेट्रोलची नळी मी आता न विचारता बघतो. गिऱ्हाइकाला वेळ नसला तरी बघतो.

पहिल्यांदा चालू करताना मामा आले नव्हते, त्यांच्या मुलाला पाठवलं होतं. प्लग काढून आधी दहा-बारा किका मारल्या, तेल वर हेडपर्यंत पोचलेलं बघितलं, मग प्लग लावला. दुसऱ्या किकेला पकडलं. मी कान इंजिनाला लावून उभा राहिलो. पोरगा काहीतरी विचारत होता, मी हात वर करून त्याला गप्प केलं. ठोका नव्हता. दहा मिनिटं चालवून ते तेल काढून टाकलं, आत कुठं थेंबभर जुनं राहिलं असेल तर तेही जावं म्हणून, आणि दुसरं भरलं. पाचशे किलोमीटर होईपर्यंत एकच किटली, चाळीसच्या आत, असं बजावलं. मुलानं दुसरी किटली सायकलला लावली.

पाचशे किलोमीटर होऊन तेल बदललं त्यालाही महिना झाला होता, तेव्हाची गोष्ट. मामा संध्याकाळी दूध घालून परत जाताना थांबले. गाडी बंद केली, आधी वाकून कॉक बंद केला, मग बंडीच्या खिशातून वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा काढला. सकाळी थंड इंजिनातून तेलाची पट्टी काढून त्यावर एक थेंब सोडला होता. तेलात पेट्रोल असलं की थेंबाभोवती फिकट कडं लांबवर पसरतं, हे मी त्यांना जुन्या तेलावर करून दाखवलं होतं. त्यांनी कागद माझ्यापुढं उलगडला. थेंब जिथं पडला होता तिथंच होता, काळा, गोल, कडेला जरासा तेलकट.

"गेल्या ऐतवारी बी असाच हुता," ते म्हणाले. "तुमी एकदा नाक लावून बगा."

मी कागद नाकाशी नेला. तेलाचा वास येत होता.